घरचा अग्नि

गृहस्थाच्या कर्मांत गृह्यसूत्रकारांनीं अग्नीला अग्रस्थान दिलें, हें आम्हांस नेहमींच अर्थपूर्ण वाटत आलें आहे. अग्नि राखावयाचा, म्हणजे त्याच्या समिधांची चिंता वाहावयाची. शहरांतील आमच्या वाचकांस हा अग्नि बटण फिरवितांच प्रसन्न होतो. त्यामुळें समिधा कोठून आल्या, हा प्रश्न तेथें सहसा उद्भवत नाहीं. खेड्यांत मात्र तो प्रश्न अद्यापि पहाटेसच दाराशीं उभा असतो.

आमचें घर कृष्णाकाठच्या एका खेड्यांत आहे. आमच्या मातोश्रींचें अर्धें आयुष्य गोवऱ्या, तुराट्या आणि फुंकणी यांच्या संगतींत गेलें. आषाढांत जळण ओलें झालें म्हणजे स्वयंपाकघर धुरानें भरून जाई, आणि पंगत उठेपर्यंत त्या पदरानें डोळे टिपीत असत. उतारवयांत त्यांचा खोकला कधीं थांबला नाहीं. हें दुःख एकाच घरचें नव्हे. जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजाप्रमाणें २०२० सालीं घरांतील धुरामुळें जगांत सुमारें ३२ लक्ष माणसें मृत्युमुखीं पडलीं. रणांगणापेक्षां चुलीपुढें अधिक बळी पडावेत, आणि त्याची गणतीहि कोणी करूं नये, असा हा प्रकार दीर्घकाळ चालला होता.

१९८४ सालीं आमच्या वडिलांनीं परसांत गोबर गॅसचें संयंत्र बांधविलें. खादी आणि ग्रामोद्योग आयोगानें ज्या तरंगत्या टोपीच्या नमुन्याचा देशभर प्रसार केला, त्याच प्रकारचें तें होतें. कृति साधी आहे. जितकें शेण तितकेंच पाणी घेऊन कालवावें व विहिरींत सोडावें. आंत हवेचा प्रवेश नसल्यानें सूक्ष्म जीव त्यास कुजवितात व मिथेन वायु निर्माण होतो. वायु सांचला कीं लोखंडी टोपी वर उचलली जाते, आणि नळीवाटे तो शेगडीपर्यंत पोहोंचतो. किलोभर ताज्या शेणापासून सुमारें ४० लिटर वायु मिळतो. ज्योत निळी, भांडें स्वच्छ, आणि बाहेर पडणारा राबडा शेतास उत्तम खत! गोवरी जाळली असतां शेणांतील नत्र धुराबरोबर निघून जातो. येथें तो मातीस परत मिळतो. एकाच शेणापासून आधीं अग्नि आणि मागाहून अन्न, असा हा दुहेरी लाभ आहे.

मग गांवोगांवच्या या विहिरी ओस कां पडल्या? मुख्य कारण असें कीं, ट्रॅक्टर आले आणि गोठे रिकामे झाले. दोन घनमीटरच्या संयंत्रास दररोज सुमारें ५० किलो शेण लागतें. तें चार-पांच जनावरांवांचून मिळत नाहीं. आमच्या गोठ्यांत आज दोनच म्हशी आहेत. शिवाय सिलिंडर घरोघर पोहोंचला. ती सोय खरीच. परंतु त्याची किंमत रोख मोजावी लागते, आणि हंगामापूर्वीं शेतकऱ्याच्या हातीं रोकड क्वचितच असते.

या अडचणीवर पुण्याचे डॉ. आनंद कर्वे यांनीं काढलेला तोड विचार करण्याजोगा आहे. जनावरानें पोषक अंश काढून घेतल्यावर उरतें तें शेण. मग त्या जीवांना केवळ उच्छिष्टच कां द्यावें? किडकें धान्य, पिठाचें भुसकट, उष्टें-खरकटें, नासलेलीं फळें हीं दिलीं, तर थोडक्या खाद्यांत पुष्कळ वायु मिळतो. त्यांच्या ‘आरती’ संस्थेस या छोट्या संयंत्राबद्दल २००६ सालीं ॲश्डेन पुरस्कार मिळाला. उसाच्या पाचटापासून कोळसा करण्याच्या कृतीबद्दल तो २००२ सालींच मिळालेला होता. पाचट विहिरींत टाकून मात्र उपयोग नाहीं. तें तरंगतें व कुजत नाहीं. म्हणून त्याचा मार्ग निराळा. ज्याला त्याला त्याच्या प्रकृतीस मानवेल तेंच खाद्य द्यावें, हें वैद्यांचें वचन येथेंहि खरें ठरतें.

असो. चुलीचें असें झालें, शेताचें काय? शेतीची वीज पाळीनें येते, आणि पाळी रात्रीची आली म्हणजे माणसानें काळोखांत, विंचूकाट्यांतून, दारें धरावयास जावें लागतें. आमचे चिरंजीव अशा रात्रीं बाहेर पडले म्हणजे ते परत येईपर्यंत घरांत कोणासहि नीट झोंप लागत नसे. दोन वर्षांपूर्वीं त्यांनीं सौर पंप बसविला. आतां पाणी दिवसा वाहतें. सातारा जिल्ह्यांतील पाटण तालुक्यांत मान्याचीवाडी हें गांव २०२४ सालीं महाराष्ट्रांतील पहिलें सौरग्राम ठरलें. एका घराला जमतें तें अख्ख्या गांवालाहि जमूं शकतें, याचा हा पुरावा होय.

गेल्या वर्षीं आम्हीं परसांतली जुनी विहीर पुनः सुरू करण्याचें ठरविलें. गंजलेली लोखंडी टोपी जाऊन फायबरची आली. दोन म्हशींचें शेण आणि स्वयंपाकघरांतील टाकाऊ अन्न, एवढ्यावर ती चालेल, असा हिशेब मांडला गेला. सर्व पुरुषमंडळी उत्साहांत असतां आमच्या सूनबाई शांतपणें म्हणाल्या, “मामंजी, शेताला सूर्य पाणी देतो, म्हणून ह्यांना रात्रीचं उठायला नको. मग गॅससाठी पहाटे शेण कालवायला मात्र मीच उठायचं का?”

ओटीवर क्षणभर कोणीच बोललें नाहीं. प्रश्न रास्त होता. धुरांतून सोडविण्याच्या नांवाखालीं बायकांच्या गळ्यांत आणखी एक काम अडकवावयाचें, तर ती सुधारणा कसली?

मीमांसकांनीं नित्यकर्माविषयीं मोठें मार्मिक सांगितलें आहे: केल्यानें विशेष पुण्य नाहीं, न केल्यास मात्र प्रत्यवाय. हें संयंत्र तंतोतंत तसेंच आहे. रोज शेणपाणी घातलें तर कोणी वाहवा करीत नाहीं. आठवडाभर आळस केला कीं ज्योत मंदावते. सौर पत्र्यांचेंहि तेंच. त्यांवरची धूळ पुसली नाहीं तर वीज घटते. खेड्यांत ऊन व शेणकचरा यांचें दुर्भिक्ष नाहीं. दुर्भिक्ष आहे तें नित्यतेचें. आणि नित्यता हा एकट्या गृहिणीचा धर्म नव्हे.

त्याच संध्याकाळीं आमच्या घरीं पाळ्या ठरल्या. कालवण्याचें काम पुरुषांकडे आलें. गुरुवार व शनिवार आमच्या वांट्यास. सहासष्टाव्या वर्षीं बादली जड लागते, परंतु पहिला चहा निळ्या ज्योतीवर उकळतांना पाहिला म्हणजे तें ओझें हलकें होतें. सकाळचा स्वयंपाक या वायूवर होतो. कमी पडलें तर सिलिंडर आहेच.

ज्या कुटुंबांची गांवाकडे घरें आहेत, त्यांनीं हा उपक्रम अवश्य करावा. मात्र अनुदान किती मिळेल याची चौकशी करण्यापूर्वीं, उद्यां पहाटे बादलीला हात कोण लावणार, हें घरांतील सर्वांनीं एकत्र बसून ठरवावें.