भादवडच्या शिवेवरचा मोह

विल्यम फिंच हा ईस्ट इंडिया कंपनीचा माणूस जानेवारी १६१० मध्ये सुरतेहून आग्र्याला निघाला. रोजचा मुक्काम कुठं पडला, गाव कसं होतं, पाणी कसं होतं, हे तो टिपत गेला. नवापूर सोडल्यावर दुसऱ्या मजलेला तो बदूर नावाच्या गावी उतरला. गाव गलिच्छ आणि चोरांचं, असा शेरा त्यानं मारला. त्याला लागूनच त्यानं लिहिलं, की इथं ‘मेवा’ नावाच्या गोड फळाची पुष्कळ दारू होते, पण ती तापवून घेतल्याशिवाय मानवत नाही.

फिंचचा मेवा म्हणजे आपला मोह. हे वाचलं आणि मला चैन पडेना. मानवत नाही असं म्हणणाऱ्यानं ती घेतली असणार, आणि कुणीतरी, कुठंतरी बसवून दिली असणार. चारशे वर्षांपूर्वीचा, खानदेशच्या वाटेवरचा हा दारूचा ठेपा नेमका कुठं असेल?

फिंचच्या प्रवासाचं संपादन विल्यम फॉस्टर यांनी १९२१ साली केलं. त्यांच्या मते बदूर म्हणजे भादवड. आम्हा अमळनेरकरांना हे नाव अनोळखी नाही. सुरतेच्या गाडीत बसलं की नंदुरबार सोडल्यावर खांडबाऱ्याच्या अलीकडं ते स्टेशन येतं. मी फिंचच्या मुक्कामांची यादी रेल्वेच्या स्टेशनांशेजारी मांडली, तेव्हा नवापूर, भादवड, नंदुरबार, शिंदखेडा एकाखाली एक जुळत गेले. गोऱ्या इंजिनिअरांनी तापी व्हॅली रेल्वे टाकली ती बऱ्याच अंशी बैलांनीच मळवलेल्या वाटेच्या अंगानं. शिंदखेड्यापुढं मात्र दोघांची फारकत होते. तांडे थाळनेरला तापी ओलांडून चोपडा, रावेरवरून बऱ्हाणपूर गाठत. रूळ दक्षिण काठानं आमच्या गावाला आले. त्या काळच्या हमरस्त्यानं अमळनेर बाजूलाच ठेवलं होतं.

निघताना स्टेशनवर ओळखीच्या एका काकांनी विचारलं, “कथा चालनात भाऊ?” (कुठं निघालात?) भादवडला, दारूचं जुनं ठिकाण शोधायला, म्हटल्यावर ते जरा गंभीर झाले. पण फिंचची गोष्ट ऐकून म्हणाले, तिकडं सोयरे आहेत, त्यांना भेटा.

जायच्या आधी मला एक गोष्ट मनाशी पक्की करायची होती. आपण शोधतोय ते काय? सुरतेची मुघलसराई १६४४ सालची, आजही उभी आहे, महानगरपालिकेचा कारभार तिथून चालतो. अजिंठ्याच्या पायथ्याची फर्दापूरची सराई मी पाहिलेली आहे: मोठा दरवाजा, आत चौक, चौकाभोवती कमानींच्या खोल्या. हे बादशाही बांधकाम. मोहाची दारू गाळणाऱ्याला यातलं काहीच लागत नाही. दोन मडकी, बांबूची नळी, चूल, थंड पाणी आणि उन्हाळ्यात वेचून वाळवलेली फुलं एवढं पुरतं. म्हणजे दगड शोधण्यात अर्थ नव्हता. गाड्या कुठं सुटत होत्या, ते शोधायला हवं होतं.

इथं फिंचचीच दुसरी नोंद कामी आली. बदूर हे प्रतापशहाच्या मुलखातलं शेवटचं नाव घेण्याजोगं गाव, असं तो सांगतो. प्रतापशहा म्हणजे बागलाणचा बागूल राजा. नंदुरबारपासून मुघलांचा अंमल. खानदेश अकबरानं १६०१ मध्येच घेतला होता. म्हणजे भादवड हे सरहद्दीवरचं गाव होतं. सरहद्द आली की जकात आली, खोळंबा आला, रात्रीचा मुक्काम आला. आणि थंडीच्या दिवसांत मुक्कामाच्या ठिकाणी दारूला गिऱ्हाईक असणारच. आजची सरहद्द नवापूरजवळ आहे. तिथलं स्टेशन अर्धं महाराष्ट्रात, अर्धं गुजरातेत, आणि पलीकडं दारूबंदी. मधल्या चारशे वर्षांत रेषा थोडी सरकली, सरहद्द आणि दारू यांचं नातं तसंच राहिलं.

गावात मला आधी रस्त्याकडेची एक मोकळी जागा दाखवली, पूर्वी तिथं देशी दारूचं दुकान होतं म्हणून. पण दुकान ही नंतरची चीज. १८७८ च्या मुंबई अबकारी कायद्यानं घरोघरची गाळणी गुन्हा ठरवली आणि मक्तेदारांची दुकानं बसवली. ज्यांच्या अंगणात मोह पडत होता, त्यांनाच तो विकत घेऊन प्यायची वेळ आली. १९२२ मध्ये या पट्ट्यातून सुरत जिल्ह्यापर्यंत देवीची चळवळ पसरली. आदिवासींनी दारू सोडली, पारशी दुकानदारांवर बहिष्कार घातला. जुनी ठिकाणं पुसली गेली त्याला असाही हात लागलेला आहे, आणि मला त्याबद्दल आदर वाटतो.

मग सोयऱ्यांच्या ओळखीनं एक म्हातारे बाबा भेटले. त्यांना मी दारूचं विचारलंच नाही. आजोबा बैलगाडी घेऊन नंदुरबारच्या बाजाराला जायचे तेव्हा रात्री कुठं थांबायचे, एवढंच विचारलं. ते उठले, काठी घेतली आणि चालू लागले. गावठाणाच्या बाहेर, नंदुरबारच्या अंगाला, गाडीवाट एका नाल्यात उतरते. उतारावर बैल सोडायला सपाट जागा, खाली पाणी, बांधाला मोहाची मोठी झाडं. “गाड्या इथं सुटायच्या. बैलाला पाणी पाजल्याशिवाय नाला कुणी चढायचं नाही,” बाबा म्हणाले.

झाडं फिंचच्या वेळची नाहीत, हे उघड आहे. पण मोहाखाली मोहच उगवतो, आणि तहानलेला बैल जिथं थांबतो तिथंच माणूस थांबतो. फिंचची दारू इथंच कुठंतरी मिळाली असणार, हे माझं मत त्या उतारावर पक्कं झालं.

फिंचनं गावाला चोरांचं म्हटलं, हेही मी बाबांना सांगितलं. सांगू नये असं क्षणभर वाटलं, पण त्यांच्या गावाबद्दलचं लिखाण त्यांना ठाऊक असायला हवं. त्यांनी शांतपणे विचारलं, “प्यायला ना तो? मग पैसे दिले का?” फिंचनं त्याबद्दल काही लिहिलेलं नाही. शिंदखेड्याच्या वाटेवर लिंगुळच्या अधिकाऱ्यानं पैसे मागितले तेव्हा आपण बंदुकीनं उत्तर देऊ हे दिसताच त्यानं कशी माघार घेतली, हे मात्र तो नीट नोंदवतो. त्याचा शेरा मी आता त्याच मापानं वाचतो.

आता भूमी अभिलेख कार्यालयातून भादवडचा जुना गावनकाशा काढायचा आहे. ती गाडीवाट त्यात दाखवलेली असेल, तर ती शिवेला कुठं लागते आणि तिथून नंदुरबारकडं सरळ जाते का, हे तपासता येईल. मार्चअखेरीस मोह पडायला लागला की वेचणाऱ्या बायकांशी बोलायचं आहे. कुठल्या झाडांवर कुणाच्या घराचा पिढीजात हक्क आहे, हे त्यांना विचारायचं आहे. नाल्याकाठच्या झाडांचा हक्क ज्या घरांकडं निघेल, त्या घरांपासून पुढची चौकशी सुरू होईल.