दोन भडक्यांच्या मधला वेळ

मुलीला तेरावं लागलं आणि आमच्या घरात दारं आपटू लागली. दप्तर आवर म्हटलं की तणतण, भाजी आवडीची नसली की ताट सरकवणं, धाकट्या भावाने चार्जर घेतला की त्याच्या अंगावर धावून जाणं. एकदा टीव्हीचा रिमोट तिने भिंतीवर असा भिरकावला की त्यातले सेल दुसऱ्या दिवशी कपाटाखाली सापडले. ज्याने त्याने आपापलं निदान केलं. सासूबाई म्हणाल्या, "बापाच्या वळणावर गेलीय." जाऊबाईंनी मोबाईलला दोष दिला. शेजारच्या काकू म्हणाल्या, "पाळी सुरू झाली ना, होतं असं." शाळेच्या डायरीत 'उलट उत्तरे देते' असा शेरा आला. सात-आठ महिने झाले तरी काही फरक पडेना, तेव्हा साताऱ्यातल्या आमच्या बालरोगतज्ज्ञांनी पुण्याच्या एका बालमानसोपचारतज्ज्ञ बाईंचं नाव दिलं.

"मी काय वेडी आहे का?" हे अपेक्षित होतंच. मी म्हटलं, "रोजच्या भांडणांनी मी कंटाळलेय. काय करायचं ते विचारायला मी जातेय, तू सोबत ये." स्वारगेटच्या विनाथांबा गाडीत ती खिडकीशी बसली आणि कानात इअरफोन घालून पुण्यापर्यंत गप्प राहिली.

भडक्यांची यादी मला तोंडपाठ होती. डॉक्टरांनी ती ऐकून घेतली आणि विचारलं, "आणि ज्या दिवशी काहीच होत नाही, त्या दिवशी ती कशी असते?" या प्रश्नाची तयारी मी केली नव्हती. "बरी असते," एवढंच मी म्हणाले.

त्यांना दोन गोष्टी वेगवेगळ्या तपासायच्या होत्या: मधूनमधून उडणारा भडका आणि दिवसभर मुरलेली चिडचिड. काही मुलं भडकतात आणि तासाभरात हसूखेळू लागतात. काहींचा कावलेपणा सकाळी उठल्यापासून असतो, भडका फक्त त्याचं टोक. मग प्रश्नांची फैर झडली. हे कधी सुरू झालं, पहिली-दुसरीत असतानाही अशीच होती का? फक्त घरी की शाळेत, मैत्रिणींतही? झोप किती? वाचताना, गणितात अडखळते का? वर्गात कुणी चिडवतं का? घरात आवाज कोण चढवतं? सलग काही दिवस जेमतेम झोपूनही अंगात वारं शिरल्यासारखी उत्साहात होती, बोलणं थांबत नव्हतं, असं कधी झालं का? हिमोग्लोबिन आणि थायरॉईडसाठी रक्तही तपासायला दिलं.

नंतर मला बाहेर बसवून त्या तिच्याशी एकटीशी बोलल्या. त्याआधी माझ्यादेखत तिला सांगितलं, "तू बोलशील ते माझ्याजवळ राहील. पण तुझ्या किंवा कुणाच्या जिवाला धोका आहे असं वाटलं, तर आईबाबांना सांगावं लागेल." स्वतःला इजा करण्याचे विचार येतात का, हेही त्या सरळ विचारतात. विचारल्याने असे विचार डोक्यात शिरत नाहीत, हे मला तिथे कळलं.

मग सात प्रश्नांचा एक कागद माझ्या हाती दिला, तसाच दुसरा तिच्या. गेल्या सहा महिन्यांविषयी 'खरं नाही', 'थोडंफार खरं', 'अगदी खरं' यांपैकी एकावर खूण करायची. 'चटकन तोल जातो' यापुढे मी 'अगदी खरं' केलं, तिने 'थोडंफार'. 'बहुतेक वेळ राग आलेला असतो' यापुढे मी 'खरं नाही' केलं होतं. तिने 'अगदी खरं'. डॉक्टरांनी दोन्ही कागद शेजारी शेजारी ठेवले आणि त्याच ओळीवर बोट ठेवलं.

पुढच्या भेटीपर्यंत नोंदी ठेवायला सांगितल्या. भडक्याआधी काय झालं, मग काय झालं, नंतर आम्ही काय केलं, आणि रात्री एक ओळ मधल्या वेळाची. स्वयंपाकघरातल्या कालनिर्णयवर दुधाच्या खाड्यांशेजारी मी ते लिहू लागले. भडके बहुतेक क्लासहून उपाशीपोटी आल्यावरचे निघाले. मधल्या ओळी मात्र वेगळंच सांगत होत्या: 'लोळून होती.' 'खो-खोला गेली नाही.' 'मैत्रीण बोलवायला आली, नको म्हणाली.' 'दोनला जागीच.'

नोंदी वाचून डॉक्टरांनी कोणकोणत्या शक्यता तपासल्या तेही समजावलं. अमेरिकेत १९९०च्या दशकात सतत चिडचिड करणाऱ्या पुष्कळ मुलांना बायपोलरचं लेबल लागलं. तिथल्या संशोधक एलन लायबनलुफ्ट आणि त्यांच्या सहकाऱ्यांच्या अभ्यासांतून दिसलं, की अशी मुलं मोठेपणी बायपोलरपेक्षा नैराश्याकडे आणि चिंतेकडेच जास्त झुकतात. म्हणून २०१३मध्ये अमेरिकी मानसोपचार संघटनेच्या निदानपुस्तिकेत डीएमडीडी (डिसरप्टिव्ह मूड डिसरेग्युलेशन डिसऑर्डर) हे नवं निदान आलं. त्याच्या अटी कडक आहेत. भडके आठवड्यातून सरासरी तीन किंवा जास्त, मधल्या काळात जवळजवळ रोज दिवसाचा बराचसा वेळ चिडचिड, हे सगळं निदान वर्षभर, एकाहून अधिक ठिकाणी आणि सुरुवात दहाव्या वर्षाआधी. आमची मुलगी सातवीपर्यंत खळखळून हसणारी होती, म्हणजे ते नव्हे. उत्साहाच्या भराचे दिवसही कधी आले नव्हते, म्हणजे बायपोलरही नव्हे. खेळ सुटलेला, झोप उडालेली, मैत्रिणी नकोशा झालेल्या. "हे नैराश्य आहे," डॉक्टर म्हणाल्या. "मोठी माणसं उदास दिसतात. या वयात ते पुष्कळदा चिडचिडीच्या रूपात येतं."

काय बिनसलं होतं ते तिने डॉक्टरांना सांगितलं. त्यांनी तिच्या परवानगीने आम्हाला सांगितलं तेवढंच आम्हाला माहीत आहे, आणि ते इथे लिहायचं नाही असं तिने बजावलं आहे. गोळ्या लगेच दिल्या नाहीत. आधी दर आठवड्याला समुपदेशन, रात्री मोबाईल दिवाणखान्यात, क्लासला निघण्यापूर्वी पोटभर खाणं. ती तापलेली असताना आम्ही वाद घालायचा नाही, हा नियम घरात सगळ्यांना, तिच्या बाबांनाही.

भडके लगेच कमी झाले नाहीत. सासूबाई आठवड्यागणिक विचारायच्या, "राग उतरला का?" मी मात्र कालनिर्णयवरच्या रात्रीच्या ओळी बघत होते. आधी तिथे 'जेवली' आलं, मग 'अकराला झोपली', आणि बऱ्याच दिवसांनी 'मैदानावर गेली'. परवा संघाच्या यादीत नाव नाही म्हणून ती क्रीडाशिक्षकांशी वाद घालून घरी आली आणि दार आपटून खोलीत गेली. सासूबाईंनी माझ्याकडे पाहिलं. मी त्यांना म्हटलं, "तिला संघात खेळायचंय, आई."