स्टॉकहोमहून दोन पत्रे

स्टॉकहोम, जूनचा दुसरा आठवडा

तीर्थस्वरूप दादांस साष्टांग नमस्कार, विनंती विशेष.

नगरभवनापासून पश्चिमेस मेलारेन सरोवराच्या काठाने जे चिंचोळे उद्यान गेले आहे, त्या नॉर मेलारस्ट्रांडवर आज सायंकाळी (रात्रीचे नऊ वाजून गेले तरी येथे लख्ख उजेड असतो) पुष्कळ वेळ हिंडलो. पाण्यावर ओणवलेली वाळुंजे, त्यांच्या बुडाशी माजलेले पाणगवत आणि मधूनच वर आलेला खडक पाहून सरोवराचा आदिम काठच कोणी जतन केला असावा असे वाटते. वस्तुतः 1938 मध्ये नगराचे उद्यानप्रमुख झालेले होल्गर ब्लूम यांच्या खात्यातील एरिक ग्लेमे यांनी आखलेली ही रचना 1940 च्या दशकाच्या आरंभी सिद्ध झाली. या मुलखातील ग्रामीण किनाऱ्यावर जे स्वभावतः आढळते, तेच त्यांनी निवडून, घोटून, नगरवासीयांच्या दारी आणले. पश्चिमेस उद्यान रानवट आहे. नगरभवन जवळ येते तसतसे ते अधिकाधिक नागर होत जाते, आणि हा पालट कोठे झाला ते पावलांना कळतही नाही. उद्यानकलेतील याहून सूक्ष्म कौशल्य माझ्या पाहण्यात नाही.

स्टॉकहोम, चार दिवसांनी

ती. दादांस सा. न. वि. वि.

काल दक्षिणेकडील एन्स्केडे येथील अरण्य-दफनभूमी पाहिली. 1915 च्या स्पर्धेत गुन्नार आस्प्लुंड आणि सिगुर्ड लेवेरेंट्स या दोन तरुण वास्तुशिल्पज्ञांचा आराखडा मंजूर झाला, तेव्हा ही जागा म्हणजे पाइन वृक्षांनी वेढलेल्या जुन्या रेतीच्या खाणी होत्या. दुसऱ्या कोणी खड्डे बुजवून जमीन सारखी केली असती; यांनी त्या चढउतारांतूनच भूमीला आकार दिला, आणि थडगी झाडांच्या खोडांमधून अशी मांडली की, अरण्याचे अरण्यपण अबाधित राहिले. 1994 मध्ये हे स्थळ जागतिक वारसा ठरले.

येथील भूर्जाची रोपे रत्नागिरीस आणण्याची कल्पना मात्र आपण सोडून द्यावी. आपल्या उन्हात ती तगणार नाहीत, आणि या लोकांकडून घ्यावयाची ती रोपे नव्हेत, पद्धत. घरामागचा कातळ फोडून जमीन सपाट करण्याचे काम गवंड्यांना तूर्त देऊ नये. हा पावसाळा तेथे काहीही न करता जाऊ द्यावा; पाणी कोठून वाहते, कोठे साचते, कातळाच्या खळग्यांत आपोआप काय उगवते, याची टिपणे ठेवावीत, आणि पायवाट त्यानंतरच आखावी. करवंदीच्या जाळ्यांना तर कोणासही हात लावू देऊ नये, ही आग्रहाची विनंती.

आपला धाकटा बंधू