शीर सापडत नाही

सिस्टरने आईच्या दंडाला रबरी पट्टा आवळला, दोन बोटांनी टिचक्या मारल्या, "आजी, मूठ घट्ट" म्हणाली आणि सुई घातली. शीर सरकली. दुसऱ्यांदा घातली तर फुटली, हात काळानिळा झाला. तिसऱ्या खेपेला मोठ्या सिस्टर आल्या. म्हाताऱ्या हातावर शिरा सुतळीसारख्या उठून दिसतात, तरी सापडत नाहीत. कातडी विरते, खालची चरबी झडते, शिरेला धरून ठेवायला काही उरत नाही.

शाळेत रक्तवाहिन्यांची नावं रोहिणी आणि नीला अशी शिकलो. आमच्या वर्गात दोघीही होत्या, त्यामुळे तो धडा हशातच गेला. रोहिणी हृदयाकडून रक्त नेते, नीला परत आणते. रोहिणीची भिंत जाड, स्नायूंची. हृदयाचा प्रत्येक धक्का तिला सोसायचा असतो. नीला पातळ आणि ढिली. पण अंगातलं जवळजवळ दोन तृतीयांश रक्त कुठल्याही क्षणी या लेचीपेची वाटणारीकडेच असतं, कणगीत धान्य असावं तसं. आणि ती निळी नाहीच. आत गडद लाल रक्त असतं. निळेपणा हा कातडीचा आणि उजेडाचा खेळ.

तो पट्टा पाहताना मला विल्यम हार्वे आठवला. रक्त फिरून परत येतं, हे त्याने 1628 साली पुस्तक छापून मांडलं, तेही दंडाला पट्टी बांधूनच. करकचून बांधली की नाडीच थांबते. थोडी सैल केली की रोहिणी वाहती राहते, नीला तेवढी अडते आणि हात टरारून फुगतो. सिस्टरचा पट्टा नेमका या दुसऱ्या मापाचा असतो. मात्र रोहिणीतलं रक्त नीलेत जातं कुठून, हे हार्वेला दिसलं नाही. 1657 मध्ये तो वारला. 1661 मध्ये इटलीच्या मालपिगीला बेडकाच्या फुप्फुसात सूक्ष्मदर्शकाखाली केशवाहिन्या दिसल्या. लाल पेशीला एकामागून एक, अंग चोरूनच जावं लागतं, इतक्या त्या अरुंद. चार वर्षांची चुकामूक. मला ती अजून लागते.

रात्री आईच्या मोकळ्या हातावर हार्वेचा प्रयोग करून पाहिला. मनगटाच्या वरची एक शीर बोटाने दाबली, दुसऱ्या बोटाने तिच्यातलं रक्त कोपराकडे सारलं आणि ते वरचं बोट उचललं. शीर रिकामीच राहिली. आतली झडप रक्ताला मागे येऊ देत नाही. मग खालचं बोट उचललं. शीर झरकन भरली. चौऱ्याऐंशी वर्षांची झडप, अजून चोख.

आईने डोळे किलकिले केले. "काय शोधतोयस?"

"शीर."

"मग दिवसा कुठे होतास?" म्हणाली आणि कुशीवर वळली.