बारमाही बर्फाचे गाव

‘मनाली : बारमाही हिमनगरी’ अशा मथळ्याचे एक रंगीत पत्रक हल्ली नवागामच्या आमच्या वस्तीत हातोहात फिरत आहे. येथील आपली मंडळी बहुतेक खानदेशातून आलेली. कोणी मागावर, कोणी रंगाईच्या गिरणीत. पुष्कळांनी बर्फ पाहिला तो उसाच्या रसाच्या गाडीवरच! तेव्हा पर्वतावरचा बर्फ एकदा पाहावा, ही इच्छा आम्हांस मुळीच वावगी वाटत नाही. पाच कुटुंबांनी त्यासाठी भिशी लावली आणि दिवाळीच्या सुट्टीचे पैसे भरण्यापूर्वी ते पत्रक आमच्यापुढे आणून ठेवले. सोबत एक आजीही होत्या. “फादर, बर्फ हाताला लागला म्हणजे झालं,” एवढेच त्या म्हणाल्या.

मनालीस आम्ही दोनदा जाऊन आलो आहोत, एकदा फेब्रुवारीत व एकदा ऑक्टोबरात; आणि ही दोन गावे निराळी आहेत असेच आम्हांस वाटले. गाव समुद्रसपाटीपासून सुमारे २,००० मीटर उंच. पायांना लांब फळ्या बांधून उतारावरून घसरण्याचा जो स्कीचा खेळ, तो गावात नव्हे, तर तेथून काही मैलांवरील सोलंगच्या उतारावर चालतो, आणि तोही साधारणपणे जानेवारीपासून मार्चच्या आरंभापर्यंत. १९६१ साली स्थापन झालेली गिर्यारोहणाची सरकारी संस्था आपले स्कीचे वर्गही हिवाळ्यातच भरवते. नाताळात बर्फ पडतो, कधी पडतही नाही; खोल्यांचे भाडे मात्र हमखास चढते. (त्या दिवसांत आपल्या माणसांनी घरी असावे, हे आमचे मत सर्वांस ठाऊकच आहे.)

आता अडचण पाहा. सुरतेचे माग आणि बाजार बंद पडतात ते दिवाळीला. मुलांच्या शाळा सुटतात त्या दिवाळीला व मे महिन्यात. बर्फ येतो जानेवारीत, आणि त्या वेळी रजा घ्यावी तर रोजंदारी बुडते. पर्वत आपल्या पंचांगाने चालतो, गिरणी आपल्या. पत्रकातील ‘बारमाही’ हा शब्द हा सारा फरक गिळून बसला आहे.

मे महिन्यात बर्फ असतो, पण तो वर रोहतांग घाटात, ३,९७८ मीटरांवर. तेथे जाणाऱ्या गाड्यांची संख्या ठरलेली असून परवाना आधी काढावा लागतो. शिवाय हवा इतकी विरळ, की ज्यांना नवागामचा रेल्वेपूल चढताना धाप लागते त्यांनी तो बेत सोडावा. ३ ऑक्टोबर २०२० रोजी खुल्या झालेल्या नऊ किलोमीटरांच्या अटल बोगद्यामुळे घाट न चढता पलीकडे लाहौलात उतरता येते; वयस्कर माणसांसाठी हीच वाट बरी. जुलै-ऑगस्ट मात्र टाळावेच. २०२३ च्या जुलैत बियास नदीने तेथले रस्ते कसे वाहून नेले, ते सर्वांनी पाहिले आहे. पावसाळ्यातच डोंगर पाहायचा असेल तर आपले सापुतारा काय वाईट? सकाळी निघून दुपारच्या जेवणाला पोहोचता येते, धुके फुकट मिळते, आणि त्यासाठी मालकाकडून उचल घ्यावी लागत नाही.

मग दिवाळीला मनालीस जाऊच नये काय? अवश्य जावे! आकाश स्वच्छ असते, शिखरे पांढरी दिसतात, उन्हात बसून राहिले तरी दिवस सार्थकी लागतो. फक्त स्कीचे पैसे आधी भरू नयेत आणि बर्फाचे वचन विकत घेऊ नये. हे ऐकून तिघांनी दिवाळीचाच बेत कायम केला. दोन घरांनी फेब्रुवारीपर्यंत थांबायचे ठरवले. मुलांची आठवडाभराची शाळा बुडेल ती बुडेल. आजी कोणत्या गटात, असे विचारताच त्या मुलाकडे न पाहता म्हणाल्या, “फेब्रुवारीच्या.”

त्यांचे वय पाहता मुक्काम गावातच ठेवावा, सोलंगला अर्धाच दिवस न्यावे, असे आम्ही मुलास सांगितले आहे. आगगाडी मनालीपर्यंत जात नसल्याने पुढचा बसचा प्रवास रात्रीत न उरकता वाटेत एक मुक्काम करावा. जाड कोट व रबरी बूट सुरतेत विकत घेण्याचे कारण नाही, तेथे भाड्याने मिळतात. लोकरीचे पायमोजे मात्र प्रत्येकी दोन जोड घरून न्यावेत.