किचनच्या रेघेपाशी

धामणगाव रेल्वेत पिकलबॉलसाठी आम्हाला नवं मैदान शोधावं लागलं नाही. बॅडमिंटनचं दुहेरीचं कोर्ट २० बाय ४४ फुटांचं, पिकलबॉलचंही तेवढंच. जाळी खाली उतरवली, कडेला ३६ इंच अन् मधोमध ३४. बॅडमिंटनची पुढची सर्व्हिसची रेघ जाळीपासून साडेसहा फुटांवर होतीच. तिच्यामागे सहा इंच सोडून चुन्याने दुसरी ओढली. हा सात फुटांचा पट्टा म्हणजे किचन. त्यात उभं राहून चेंडू हवेतल्या हवेत मारता येत नाही. टप्पा पडला की खुशाल आत जा.

१९६५ साली अमेरिकेत सिएटलजवळच्या बेनब्रिज बेटावर जोएल प्रिचर्ड आणि बिल बेल यांनी हेच केलं होतं. घरच्या बॅडमिंटन कोर्टावर खेळायला धड सामान सापडेना, म्हणून टेबल टेनिसच्या बॅटी आणि भोकांचा प्लॅस्टिकचा चेंडू घेतला, मग जाळीही खाली आली. आपल्याकडे हा खेळ आणला तो मुंबईच्या सुनील वालावलकरांनी.

बॅडमिंटन खेळून आलेल्यांचं मनगट मात्र लवकर ऐकत नाही. झटका दिला की चेंडू जाळीत, नाहीतर थेट कुंपणापाशी. आमच्यातल्या एका वहिनींनी याआधी रॅकेट कधी धरलीच नव्हती, आणि तेच त्यांच्या पथ्यावर पडलं. मूठ सैल, मनगट स्थिर, हात खांद्यातून हलतो, गुडघे किंचित वाकलेले. चेंडू पॅडलवरून निघतो, जाळीला जेमतेम ओलांडतो आणि पलीकडच्या किचनमध्ये पडतो. समोरच्याला तो खालून वरच उचलावा लागतो. उचलला की संपलं.

सर्व्हिस हातात असली की आपलं पारडं जड, असं वाटतं. इथे उलट आहे. सर्व्हिसचा टप्पा पडू द्यायचा, परतीच्या फटक्याचाही पडू द्यायचा, असा नियम. त्यामुळे सर्व्हिस करणारी जोडी मागे अडकते आणि समोरची जोडी खोल परतवून बिनधास्त रेघेवर येऊन उभी राहते. नेहमीच्या पद्धतीत गुण तर सर्व्हिस करणाऱ्यालाच मिळतो! म्हणून तिसरा फटका महत्त्वाचा. बहुतेक पोरं तो ताकदीने हाणतात. आमचे निवृत्त गुरुजी बाकावरून ओरडतात, "काऊन येवढा जोर लावतं बे? किचनात टाक हळूच, अन् पुढं ये!"

पुढे यायचं तेही दोघांनी मिळून. एक रेघेवर अन् दुसरा मागे राहिला की मधली वाट मोकळी. तसंही मध्ये मारणं फायद्याचं: जाळी तिथे दोन इंच खाली, आणि पलीकडचे दोघे 'तू घे, तू घे' करत राहतात. ज्याचा फोरहँड मध्ये येतो त्यानेच तो चेंडू घ्यायचा, हे आधी ठरवलेलं बरं. खांद्याच्या उंचीने सुसाट येणारा चेंडू सोडून द्यावा, बहुधा तो बाहेरच जातो. सोडणं हे मारण्यापेक्षा अवघड, असं माझं मत.

मैदानी चेंडूला साधारण ४० भोकं असतात, तरी वारा त्याला नेतोच. वाऱ्याच्या दिशेने सर्व्हिस करताना हात आखडता घ्यावा लागतो. एप्रिल-मेच्या उन्हात प्लॅस्टिक मऊ पडतं, टप्पाही बदलतो. म्हणून उन्हाळ्यात खेळ सकाळी, ऊन चढायच्या आत. त्यातच मुंबई-हावडा मार्गावरची मालगाडी भोंगा वाजवत जाते अन् गुण काय पुकारले ते कुणालाच ऐकू येत नाही. मग गुरुजी गुण परत पुकारायला लावतात.

अलीकडचं भांडण मात्र भोंग्याचं नव्हतं. एका पोराची सर्व्हिस नेमकी किचनच्या रेघेवर पडली. "रेघेवर हाय, मंग आतच ना!" तो हटून बसला. एरवी त्याचं खरं असतं. पण सर्व्हिस किचनच्या रेघेला लागली तरी चूकच धरतात. पॅडल काखेत मारून तो चुना पुसला गेलाय का ते बघायला वाकला, तोवर वहिनींनी सर्व्हिससाठी चेंडू उचललाही होता.