डोणीतली कुमुदिनी

घरच्या पाणटाकीत वाढवता येणाऱ्या तरंगत्या वनस्पतींचे ढोबळमानाने दोन वर्ग पडतात : ज्यांची मुळे पाण्यात मोकळी लोंबतात त्या मुक्त तरंगत्या, आणि ज्यांचे मूळ चिखलात रुतून केवळ पाने पाण्यावर पसरतात त्या. अझोला हे पहिल्या वर्गातील नेचे असून त्याच्या पानांच्या पोकळीत राहणारे नील-हरित जिवाणू हवेतील नायट्रोजन वनस्पतीला पचेल अशा रूपात आणतात, म्हणून भातखाचरात त्याचा खतासारखा उपयोग होतो. कास पठारावरील तळे जिच्या नावाने ओळखले जाते ती कुमुदिनी दुसऱ्या वर्गातील.

प्रस्तुत लेखकाच्या आजोळी गुरांच्या पाण्याच्या दगडी डोणीत ती होती. ती डोण यंदा कोणा हौशी गिऱ्हाइकाला बंगल्याच्या शोभेसाठी विकली गेली, आणि तेव्हापासून त्या फुलाची पांढरी, पेळूसारखी लवदार पाकळी व मधला पिवळा ठिपका मनातून जात नाही. फुलाचे देठ पानाच्या लगतच खालून फुटत असल्याने फूल पानालाच आल्यासारखे दिसे. म्हैस पाण्याला तोंड लावताना फुंकराने पाने बाजूला सारी, ती निघून गेली की पाने पुन्हा जागेवर येत.

पण तरंगणारी प्रत्येक वनस्पती अशी निरुपद्रवी नसते : बंगालमध्ये १९३६ साली जलपर्णीविरुद्ध कायदा करावा लागला होता. दक्षिण अमेरिकेतील या वनस्पतीच्या देठात हवेने फुगलेला, स्पंजासारखा भाग असतो, त्यावर ती तरंगते व झपाट्याने पाणी झाकून टाकते. तरीही रोपवाटिकांत ती आजही शोभेची म्हणून मिळते. तिची जांभळी फुले देखणी असतीलही, पण मुळा-मुठेचे पात्र ज्याने हिरवेगार बुजलेले पाहिले आहे त्याला ती गोड वाटू नयेत, हेच रास्त.

डासांच्या अळ्यांसाठी टाकीत सोडले जाणारे गप्पी मासेही मूळचे दक्षिण अमेरिकेकडचेच, याकडे सहसा कोणाचे लक्ष जात नाही. डोणीत कपाळावर चकाकता ठिपका असलेले ओढ्यातले मासे असत आणि अळ्यांचा समाचार तेही घेत.

कुमुदिनी लावू इच्छिणाऱ्याने कासच्या तळ्याला हात लावू नये. पान जिथे देठाला जुळते तो सांधा शाबूत ठेवून तोडलेले एक पान पाण्यावर सोडले, तरी त्याला मुळे फुटतात. ते ओळखीच्या कोणाच्या टाकीतून मागून घ्यावे, आणि वाढलेली रोपे ओढ्यात न टाकता शेजाऱ्याला द्यावीत.